जिताड्यावर निर्बंध

दिवाळे गावच्या धोंडूबाईने नावडे गावच्या विपुलवर निर्बंध लादले ते एका बुधवारी, सकाळी साडेनऊला, मासळी बाजार ऐन भरात असताना. कुठल्याही वर्तमानपत्राने ही बातमी छापली नाही. तरी दुपारपर्यंत ती बेलापूरच्या खाडीपासून तळोज्यापर्यंत पोचली, कारण बातमी पोचवायला कोळणींना वर्तमानपत्राची गरज कधीच पडलेली नाही.

धोंडूबाई बाजारात शिरल्यावर डाव्या हाताला तिसरी बसते. वय अठ्ठावन्न. आवाज असा की तिने इथे भाव सांगितला तर जेटीवरचं गिऱ्हाईक तिथूनच घासाघीस सुरू करतं. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, मुलगी रुतिका बेलापूरला एका वकिलाकडे टायपिंग करते, आणि मुलगा प्रितेश तेलाच्या जहाजावर खलाशी. तो नऊ महिन्यांसाठी गेला होता. आता चौदावा महिना लागला होता, आणि आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून त्याचं जहाज जे उभं राहिलं होतं ते हलायचं नाव घेत नव्हतं. प्रितेश घरी यावा, एवढं एकच मागणं धोंडूबाईचं देवाकडे होतं आणि विपुलकडे होतं. देव निदान गप्प तरी राहायचा.

विपुल हा पोरं जहाजावर चढवणारा एजंट. नावड्याचा आगरी. बापाच्या भातशेतीवर कॉलनीच्या इमारती उभ्या राहिल्या आणि विपुल सीबीडी बेलापूरला तिसऱ्या मजल्यावर एसीत जाऊन बसला. स्वभावाने तो वाईट नव्हता. वाईट नसणं आणि उपयोगी असणं यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा असते, तिथे त्याने ऑफिस थाटलं होतं.

"मावशी, टेन्शन नको घेऊ," त्याने चहा मागवून धोंडूबाईला समजावलं होतं. "जहाज यादीत गेलंय. निर्बंधांच्या यादीत. समज, एखादा देश दांडगाई करतो. त्याच्याशी लढाई कोण करणार? खर्च फार. मग मोठे देश त्याच्याशी धंदाच बंद करतात. त्याचं तेल कोणी घ्यायचं नाही, त्याला कोणी काही विकायचं नाही, आणि जो गुपचूप घेईल त्याचापण धंदा बंद. आपल्या जहाजाच्या मालकानं गुपचूप तेल उचललं. पकडला गेला."

"मंग प्रितेशनं काय केलं?"

"प्रितेशनं काय नाय केलं."

"मंग त्याला उतरू दे."

"कॅप्टन म्हणतो, बदलीचा माणूस आणा, मग उतरवतो. जहाज रिकामं नाय ठेवता येत. आणि यादीतल्या जहाजावर बदलीला जातो कोण?"

"आनि ज्या राजानं दांडगाई केली, त्याचं काय झालं?"

विपुलने थोडा विचार केला. "त्याचं तसं बरं चाललंय," तो म्हणाला.

"मंग कशाला करतात ह्यो उद्योग?"

"दाबल्याशिवाय कोणी हलत नाय, मावशी. चारी बाजूंनी बंद केलं की हलतो. उशिरा हलतो, पण हलतो."

हे बोलताना आपण कोणापुढे बोलतो आहोत याचं विपुलला भान राहिलं नाही. धोंडूबाईने चहा संपवला, कप उपडा घातला आणि घरी आली. दुसऱ्याच दिवशी बुधवार होता.

त्याच संध्याकाळी तिने बेत रुतिकाला सांगितला तेव्हा रुतिका हादरली. "आये, असं कोनाला वाळीत टाकता येत नाय आता. कायदा हाय. साहेबांकडं अशा दोन केसी हायत. आत जाशील."

"मंग ते मोठे देश आत कसे जात नाय?"

"ते वाळीत नाय टाकत. ते निर्बंध लादतात."

"मी पन तेच लादते," धोंडूबाई म्हणाली, आणि रुतिकाच्या साहेबांनी सुद्धा यावर काय उत्तर दिलं असतं कोण जाणे.

आता एवढ्याशा मासळीने विपुलसारख्याचं काय वाकडं होणार, असं वाटेल. पण त्यासाठी जिताडा ठाऊक हवा. जिताडा हा खाडीचा राजा, आणि या पट्ट्यात तो निव्वळ खाण्यासाठी कधीच नव्हता. तलाठ्याकडे सातबारा अडला, जिताडा जायचा. पोलीस पाटलाचं मन वळवायचं, जिताडा जायचा. जमिनी गेल्या, टॉवर आले, तरी मोठ्या माणसाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही ही रीत काही गेली नाही. विपुल दर बुधवारी आणि शुक्रवारी धोंडूबाईकडून ताजे फडफडीत जिताडे उचलायचा आणि ते जहाज कंपन्यांच्या साहेबांच्या घरी पोचते व्हायचे. पोरांना बोटी लागायच्या त्या अशा. विपुलच्या धंद्याचं वंगण धोंडूबाईच्या पाटीतून जात होतं, आणि हे तिला पुरतं माहीत होतं.

त्या बुधवारी विपुल गाडीतून उतरला, गॉगल डोक्यावर चढवला आणि नेहमीसारखा म्हणाला, "मावशी, दोन मोठे काढ."

"तुला नाय."

"म्हणजे?"

"यादीत हायस तू."

विपुल हसला. मग शेजारच्या बाळाबाईकडे वळला. बाळाबाईने जिताड्यावर गोणपाट ओढलं. पलीकडचीने पाठ फिरवली. चौथीने तर आपल्याकडे मासळीच नाही असं सांगितलं, आणि तिच्यासमोर दीड हात लांबीचा रावस पडला होता. धोंडूबाईने सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं: विपुलला जी देईल तिच्याशी जेटीवर कोणी लिलावात उभं राहायचं नाही, आणि तिच्या पोरीच्या हळदीत कोणी नाचायचं नाही. यातलं पहिलं त्यांना झेपलं असतं. दुसऱ्याने सगळ्या सरळ झाल्या.

पहिले आठ दिवस विपुलने मजेत घेतलं. ऑफिसच्या शिपायाला तोंडाला रुमाल बांधून पाठवलं. त्याला बाळाबाईने चपलांवरून ओळखलं. मग साहेबाची ड्रायव्हरकी करणाऱ्या एका बिहारी पोराला पाठवलं. तो जिताडा मागताना "जिराफा" म्हणाला आणि बाजार दोन मिनिटं बंद पडला. अखेर विपुलने पनवेलहून बर्फातले जिताडे आणून दिवाळ्याचे म्हणून खपवले. एका साहेबाने फोन करून विचारलं, "काय रे विपुल, हल्ली तुमची खाडी फ्रीजमध्ये ठेवता का?" त्या महिन्यात त्या कंपनीत विपुलचं एकही पोरगं लागलं नाही.

हे कळलं तेव्हा धोंडूबाईने बाळाबाईला पान खिलवलं. आपण काहीतरी मोठं हत्यार शोधून काढलं आहे आणि इतकी वर्षं उगाच घसा फोडत होतो, असं तिला मनापासून वाटत होतं. एवढंच होतं की विपुल स्वतः हवं ते खातच होता. खारघरच्या हॉटेलात बसून सुरमईच्या थाळीचे फोटो टाकत होता. ते फोटो रुतिका आईला दाखवत नसे.

रविवारी दुपारी प्रितेशचा व्हिडिओ कॉल आला. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, आणि हसणं तेवढंच जुनं.

"काय खाल्लास?" धोंडूबाईचा पहिला प्रश्न ठरलेला.

"भात नि मी धरलेलं म्हावरं. कांदे संपले, आये. भाजी येऊन अठरा दिवस झाले."

"बंदर समोर दिसतंय ना तुला?"

"रात्री त्याच्या हॉटेलांच्या पाट्या वाचतो मी. पन लाँचवाले येत नाय. तशी परवानगी हाय बरं का. खायचं, पानी, औषध द्यायला मनाई नाय, कागदावर लिवलंय तसं. कॅप्टननं कागद दाखवला त्यांना. ते म्हनतात, कागद बरोबर हाय, पन कशाला रिस्क? उद्या आमचंच नाव लागलं यादीत तर? पहिला म्हनला म्हनून दुसरा म्हनतो, दुसरा म्हनतो म्हनून तिसरा."

"मेले भित्रे," धोंडूबाई म्हणाली. "मानसं हायत का कोन? लिवलेलं असून देत नाय?"

तिने त्या लाँचवाल्यांना अर्धा तास शिव्या घातल्या. शिव्या आखातापर्यंत पोचल्या असत्या तर त्यांच्या लाँचा बुडाल्या असत्या.

पाचव्या आठवड्यात विपुल आला. चालत आला, गॉगल खिशात ठेवून. बाजारातल्या सगळ्या बायकांचे हात थांबले.

"मावशी, जिंकलीस," तो म्हणाला. "बदलीचा माणूस मिळाला. शुक्रवारी जातोय. तो चढला की प्रितेश उतरला. रविवारपर्यंत पोरगा तुझ्या ओट्यावर."

धोंडूबाई काहीच बोलू शकली नाही, हा प्रसंग बाजारात आजही सांगितला जातो. पदराने डोळे पुसले, मग त्याच पदराने मोठ्यातला मोठा जिताडा पुसला आणि विपुलच्या पिशवीत घातला. बदलीचा माणूस कोण, कुठला, हे तिने विचारलं नाही. आनंदाच्या भरात माणूस असले प्रश्न विचारत नाही.

निर्बंध उठले, असं तिने बाजारभर ओरडून जाहीर केलं. पण बाळाबाईच्या पाटीत नावड्याचा वाटा काही दिसेना. बाळाबाई रोज टेम्पोने कळंबोली, मग नावडे, असं दारोदार म्हावरं विकत फिरायची. नावड्याचा वाटा ती नेहमी वेगळा काढून ठेवायची.

"आज नावड्याला नाय जायाचं?" धोंडूबाईने विचारलं.

"मी कुठं जाते नावड्याला? महिना झाला."

"महिना? मी विपुलचं घर सांगितलं होतं. गाव कुनी सांगितला?"

"तसं नाय गो," बाळाबाई म्हणाली. "पहिल्यांदा त्याचंच घर सोडलं. मंग वाटलं, गल्लीत सगले त्याचेच भाऊबंद, हितून तिथं वाटी गेली तर? मंग गल्ली सोडली. मंग गावात कोन कुनाचा, मना काय ठाव? तू माज्यावरच आली असतीस. कशाला रिस्क?"

धोंडूबाईला हे शब्द कुठेतरी ऐकल्यासारखे वाटले, आणि कुठे ते आठवल्यावर तिला ते आवडलं नाही.

"ती नावड्याची संध्या बिचारी थांबायची स्टॉपवर," बाळाबाई पुढे म्हणाली. "बाळंतीन हाय. आई नाय तिला, सासूपन नाय. अंगावर दूध नाय म्हनून मोरी मागत होती. पनवेलला कोन ओलखतं तिला, पैशाचं मागंपुढं करायला? मी तोंड वळवून टेम्पो पुढं घ्यायची."

मोरी म्हणजे खाडीतला लहान मुशी मासा. बाळंतिणीला दूध यावं म्हणून या गावांमध्ये तिचं कालवण पिढ्यान्‌पिढ्या देतात, आणि ज्या कोळणीने बाळंतिणीला मोरी नाकारली तिचं नाव कोणी घेत नाही.

"आता उठलं ना सगलं," धोंडूबाई म्हणाली. "आज देऊन ये."

"तू लिवून देतेस?" बाळाबाईने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

धोंडूबाईने लिहून दिलं नाही. दोन मोऱ्या घेतल्या, थोडी कोलंबी घेतली, पाटी पलीकडचीला बघायला सांगितली आणि बसने स्वतः नावड्याला निघाली. एकतर मनाला टोचलं होतं, आणि दुसरं म्हणजे आनंद इतका झाला होता की तो कोणाच्यातरी दारात नेऊन ओतल्याशिवाय तिला चैन पडलं नसतं. रविवारी प्रितेश. वाटेत तिने त्याच्यासाठी काय काय रांधायचं ते ठरवलं. कांदे आधी.

संध्याचं घर विपुलच्या तीन मजली बंगल्याच्या मागे, जुन्या गावठाणात होतं. एक खोली, पुढे पडवी. संध्या तेवीस-चोवीस वर्षांची, मांडीवर मूठभर पोर. धोंडूबाईची ओळख पटल्यावर ती घाबरून उभीच राहिली.

"बस गो," धोंडूबाई म्हणाली. "चुकलं आमचं. विळी कुठं हाय? मीच कापते."

कोळणीने घरात येऊन मासळी कापून द्यावी, याचं संध्याला हसू आलं. मग ती मोकळी झाली आणि बोलत सुटली. पोर वीस दिवसांची. नाव अजून ठेवायचं आहे. नवरा शिवा, म्हणजे विपुलदादाचा चुलतभाऊ, पण जमिनीचे पैसे तिच्या सासऱ्याने तीन वर्षांत उडवले. शिवाने जहाजाचा कोर्स केला होता, कागदपत्रं सगळी होती, पण बोट कधी लागली नाही. तळोज्याला कंपनीत रोजावर जायचा, ते काम दिवाळीत सुटलं.

"आता मात्र देव पावला, मावशी. विपुलदादानं स्वतः बोलवून बोट लावली. त्याच्या धंद्याला मध्ये कसली तरी साडेसाती लागली होती, त्यातपन त्यानं आमचं बघितलं. शुक्रवारी जातोय शिवा."

विळीवरचा हात थांबला. "शुक्रवारी?"

"आखातात उभी हाय बोट. काम काय नाय, नुसता आराम, दादा म्हणाला. नऊ महिन्यांत परत. थांब, नाव दाखवते." तिने गादीखालून कागद काढला आणि बोट ठेवून वाचलं. "सिल्व्हर ऑर्किड."

धोंडूबाईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण हे नाव तिने चौदा महिने देवाच्या नावासोबत रोज घेतलं होतं.

ती पुन्हा कापू लागली. तिने दोन्ही मोऱ्या साफ केल्या, तुकडे केले, धुतले, पुन्हा धुतले. तिच्या मनात त्या वेळी काय आलं ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गप्प राहायचं, हेच आलं. हा कोण शिवा? कधी पाहिला नाही. त्याला कोणी बांधून नेत नव्हतं. कोणाच्या तरी पोराने उभं राहायचंच आहे तिथे, आणि माझं पोर चौदा महिने उभं राहिलं. तीन दिवस तोंड मिटून ठेवायचं, एवढंच काम. ती आयुष्यात तीन दिवस गप्प राहिली नव्हती, पण प्रितेशसाठी राहिली असती.

तेवढ्यात शिवा आला. पंचविशीचा, सडपातळ, हातात नवी चाकांची बॅग, किमतीची चिठ्ठी अजून लटकत असलेली. त्याने ती बायकोसमोर फरशीवरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवून दाखवली. पोरगी त्या आवाजाने जागी झाली आणि रडायला लागली.

"जाऊ नको," धोंडूबाई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"त्या बोटीवर माजा पोरगा हाय. नऊ महिने सांगून नेला, चौदावा चाललाय. ती बोट यादीत हाय. बंदर घेत नाय, भाजीवाला जात नाय. तू चढलास की तो उतरंल. मंग तुज्या बदलीला कोन चढंल?"

विपुलवर तिने कसले निर्बंध लादले होते आणि विपुलने त्यावर काय शोधून काढलं, तेही तिने सांगितलं. स्वतःला पाठीशी घातलं नाही. संध्याने कागद घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. शिवा बॅगेवरच बसला.

"मावशी," तो म्हणाला, "मग तुमचा पोरगा?"

तिने विळी धुतली, जागेवर ठेवली आणि निघाली.

नावड्याच्या स्टॉपवर ती उभी होती तेव्हा प्रितेशचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आये, मी बॅग भरली. स्वयंपाक्यानं माज्यासाठी शेवटचा शिरा केला. साखर तेवढीच उरली होती."

शिवाला आपण काय सांगून आलो ते तिने सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबली असती तर सांगता आलं नसतं.

"पोरगी केवढी हाय?" प्रितेशने विचारलं.

"वीस दिवसांची."

"मोरी दिलीस?"

"कापून दिली."

"चिंच कमी घाल म्हनावं. बाळंतिनीला आंबट नको." मग तो म्हणाला, "बरं केलंस, आये."

"त्या विपल्याला आता सोडत नाय मी," धोंडूबाईचा आवाज चढला. "उद्यापासून परत बंद. जिताडा काय, त्याला सुकटपन मिलनार नाय. बघते कसा हलत नाय तो."

"नको," प्रितेश म्हणाला. "त्याला देत जा म्हावरं. तू दाबलंस की तो हलतो, आये, पन मोठ्या साहेबांकडं नाय हलत. अजून एखादा शिवा शोधतो."

"मंग तुला कोन आननार?"

धोंडूबाई फोन कानाला लावून उभी राहिली. बेलापूरची बस आली, दार उघडून थांबली, कंडक्टरने दोनदा विचारलं आणि बस गेली. ती तिथेच उभी होती.